गव्हाची पोती आणि पाझर तलाव

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



अमेरिकेत कुठं चक्रीवादळ आलं किंवा नदीचं पाणी गावात शिरलं, की दोन-तीन दिवसांत तिथं पिवळे शर्ट आणि पिवळ्या टोप्या घातलेली माणसं दिसायला लागतात. ही तिथल्या बाप्टिस्ट चर्चची स्वयंसेवक मंडळी. त्यांतली पुष्कळशी निवृत्त झालेली असतात. कुणी शाळेत शिकवलेलं असतं, कुणी सुतारकाम केलेलं असतं, कुणी जन्मभर ट्रक चालवलेला असतो. ती येतात तीच मुळी स्वयंपाकघर गाडीला जोडून. हजारो माणसांचं जेवण रांधायचं, रस्त्यावर आडवी झालेली झाडं करवतीनं कापायची, घराघरांतून गुडघाभर चिखल उपसायचा, लोकांचे कपडे धुऊन द्यायचे, अशी त्यांची कामं. या कामाची सुरुवात झाली १९६७ साली. टेक्सासमध्ये ब्यूला नावाचं चक्रीवादळ आलं होतं. त्या वेळी तिथल्या काही बाप्टिस्ट पुरुषांनी पत्र्याच्या छोट्या डब्यांच्या चुली करून त्यांवर लोकांना खायला करून घातलं. एवढंच. पुढं २००५ साली कतरिना वादळ आलं, तेव्हा याच मंडळींनी एक कोटीहून जास्त जेवणं रांधली. त्यांची एक पद्धत मला फार आवडते. शिधा बहुतेक वेळा रेड क्रॉसचा असतो, वाढायला गाड्याही रेड क्रॉसच्या असतात, ही मंडळी फक्त रांधतात. म्हणजे जेवणाऱ्याला आचारी कोण होता हे कळेलच असं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बारामतीकडच्या कवीला टेक्सासच्या वादळाचं काय पडलंय? तर मला अडकवलं ते १९६७ या सालानं. त्याच साली बारामतीतून शरद पवार पहिल्यांदा आमदार म्हणून निवडून आले. आणि त्यानंतर लवकरच आमच्या तालुक्याच्या कोरड्या भागात चर्चकडून गव्हाची पोती यायला लागली.

बारामती म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांपुढं ऊस आणि द्राक्षं येतात. ते खरं आहे, पण ते निम्म्या तालुक्याचं खरं. निरा नदीच्या बाजूला डावा कालवा आहे. १८७६-७७च्या मोठ्या दुष्काळानंतर इंग्रजांनी तो काढला, १८८५च्या सुमाराला त्यातून पाणी वाहू लागलं. त्या कालव्याखालची गावं बागायती झाली. कालव्याच्या वरच्या अंगाला, सुपे, मोरगाव, उंडवडी या बाजूला, सगळी जिराईत. तिकडचं पाणी म्हणजे आभाळाकडं बघायचं. पूर्वेला इंदापूर तालुक्यातही तेच, कालव्याच्या शेपटाला जेवढं पोचेल तेवढं. उजनी धरण पुरं झालं ते १९८० साली. माझं गाव जिराईत पट्ट्यातलं आणि आजोळ इंदापूरचं, चांदशावलीबाबांच्या दर्ग्याच्या सावलीतलं. म्हणजे तहान मला दोन्हीकडून वारशानं मिळालेली आहे.

या बारामतीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हेन्री स्ट्रटन नावाचे ऑस्ट्रेलियन मिशनरी येऊन राहिले. त्यांचा पंथ चर्चेस ऑफ ख्राइस्ट. हे बाप्टिस्ट नव्हेत, पण बाप्तिस्म्याच्या बाबतीत सख्खे चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. दोघांचंही म्हणणं एकच, की तान्ह्या मुलावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा होत नाही, जाणत्या माणसानं समजून-उमजून स्वतः पाण्यात बुडी मारली पाहिजे. मला याची नेहमी गंमत वाटते. ज्यांच्या धर्मात शिरायला माणूस बुडेल एवढं पाणी लागतं, ते आले कुठं, तर जिथं रांजण भरायची मारामार तिथं! आमच्या धर्मात निदान सोय आहे. वजूला पाणी मिळालं नाही तर कोरड्या मातीवर हात मारून तयम्मुम करता येतो. आमच्या भागातल्या मुसलमानांना त्याची चांगली सवय होती.

या मिशननं बारामतीत आणि इंदापुरात वर्षानुवर्षं काम केलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथं जे ऑस्ट्रेलियन मिशनरी होते, त्यांच्या ओळखीतून पवारांना ‘कासा’ या संस्थेची मदत मिळाली. ‘कासा’ म्हणजे प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसनी मिळून चालवलेली मदतसंस्था. तिचा जन्म १९४७चा, फाळणीच्या निर्वासितांसाठी झालेला. परदेशातून आलेलं धान्य वाटायचं हे तिचं एक मोठं काम होतं. पण बारामतीत ठरलं असं, की धान्य फुकट वाटायचं नाही. त्या धान्यावर काम काढायचं, आणि काम असं काढायचं की पुन्हा धान्य मागायची वेळ येऊ नये. त्यातून पाझर तलाव सुरू झाले. तांदुळवाडीच्या शिवारातला तलाव पहिला म्हणून सांगितला जातो. पुढं १९७१ साली पवारांचे थोरले बंधू अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकारानं कृषी विकास प्रतिष्ठान उभं राहिलं, आणि पाहता पाहता असे तलाव शंभराच्या पुढं गेले.

शहरातल्या श्रोत्यांसाठी पाझर तलाव म्हणजे काय ते सांगतो, कारण नावात तलाव असला तरी त्याचं पाणी कुणी थेट पीत नाही की पाटानं नेत नाही. ओढ्याला आडवा मातीचा बांध घालायचा. बांधाच्या पोटात चर खणून, त्यात काळी चिकण माती भिजवून, चोपून भरायची, म्हणजे पाणी बांधाखालून निसटत नाही. दोन्ही बाजूंना मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडाचं अस्तर, आणि जादा पाणी जायला एका कडेनं सांडवा. पावसाळ्यात अडलेलं पाणी तळाच्या मुरमातून हळूहळू खाली झिरपतं आणि बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना लागतं. पौषात-माघात तलाव कोरडा पडतो, बाहेरच्या माणसाला वाटतं फुकट गेला सगळा खर्च. पण तो विहिरीत उतरलेला असतो. आमच्याकडं खाली काळा पाषाण. वर जेवढा मुरूम, तेवढीच त्याची पाणी धरायची ताकद. म्हणून एक मोठा तलाव बांधून भागत नाही, ओढ्या-ओढ्यावर छोटे बांधावे लागतात.

माझा जन्म १९६९चा. आमचं घर पिंजाऱ्याचं. दुष्काळात गादी कोण भरून घेणार? अब्बांची धनुकली खुंटीला टांगलेली, आणि दादी आणि अम्मा तलावाच्या कामावर. मला बोरीच्या झाडाला झोळी बांधून तिच्यात टाकलेलं असायचं. यातलं मला काही आठवण्याचं कारण नाही, पण दादीनं ते इतक्यांदा सांगितलं की ते मला माझ्याच डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं. बायका घमेल्यानं माती वाहायच्या, पुरुष खणायचे, वडार मंडळींची गाढवं मुरूम आणायची. मातीचा थर पडला की पाणी मारून धुम्मस करायचं. संध्याकाळी खणलेल्या खड्ड्याचं माप. आणि आठवड्याला गहू, कधी अख्खा, कधी भरडलेला, वर तेल.

या तेलाची एक गोष्ट आहे. चौकोनी डब्यातून यायचं ते. डब्यावर दोन हात एकमेकांच्या हातात मिळवलेले, आणि इंग्रजीत लिहिलेलं, की अमेरिकेच्या जनतेनं हे दिलेलं आहे, विकायचं नाही. (डबे मात्र सगळे विकले गेले. आमच्या वस्तीवर निम्म्या न्हाण्यांची दारं त्याच पत्र्याची होती.) ज्वारी-बाजरी खाणाऱ्या लोकांना त्या तेलाचा वास सोसायचा नाही. आणि कुणीतरी वावडी उठवली की त्यात डुकराची चरबी आहे. झालं! आमच्या चार-पाच घरांत वाद पेटला. एक बुजुर्ग म्हणाले, कामावर जायचंच नाही, हे खायला घालून बाटवणार आहेत. दुसऱ्या दिवशी दादी नेहमीसारखी घमेलं घेऊन निघाली. त्यांनी अडवलं तर म्हणाली, “तेल उनका होयंगा चाचा, पसीना तो हमारा है ना? पसीने में कौन-सा हराम आया?” तेल तिनं घरी आणलं, पण सहा महिने त्यात काही तळलं नाही, दिव्यात जाळलं. म्हणजे भीती तिलाही होती. पण कामावर खाडा केला नाही.

बाटवण्याचा विषय निघालाच आहे तर तो टाळून पुढं जाणं मला बरं वाटत नाही. मिशन आणि दुष्काळ यांचं नातं आपल्याकडं जुनं आहे. आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण १८७०च्या दशकात उपासमारीनं गेले होते. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि मरायला टेकलेल्या मुलींना घेऊन आल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणल्या. त्या मुली जगल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, हाताला काम मिळालं. आणि त्यांतल्या कितीतरी ख्रिस्तीही झाल्या. त्याआधी पुण्यात शारदा सदनावरून ‘केसरी’नं रमाबाईंवर कडक टीका केलेलीच होती. टीका करणाऱ्यांचं म्हणणं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. उपाशी माणसापुढं ताट आणि धर्मग्रंथ एकदम ठेवले तर त्याची निवड मोकळी कशी म्हणायची? हा प्रश्न मी मुल्ला-मौलवींनाही विचारतो, पादऱ्यांनाही आणि शुद्धीकरणवाल्यांनाही. पण दुसरा प्रश्न असा, की त्या वर्षी त्या मुलींना उचलायला टीका करणाऱ्यांपैकी किती जण गेले होते? मला दोन्ही प्रश्न बोचतात, आणि एकानं दुसरा मिटत नाही.

आमच्या वस्तीपुरतं सांगायचं तर गहू खाऊन कुणी ख्रिस्ती झालं नाही. गहू मोजून द्यायला एक मराठी ख्रिस्ती मास्तर यायचे. शाळा सुटली की सायकलवरून. त्यांना त्याचा पगार नव्हता, चर्चनं सांगितलेलं काम म्हणून ते करायचे. दादी त्यांना मास्तरभाऊ म्हणायची, ते तिला आक्का म्हणायचे. मुकादमानं मापात मारलं की बायका मास्तरांपुढं गाऱ्हाणं मांडायच्या, कारण खड्ड्याचं माप चोरलं की गहू चोरला जायचा. एकदा दादीची सव्वा चौकडी मुकादमानं एकच लिहिली. मास्तर स्वतः टेप घेऊन खड्ड्यात उतरले, पुन्हा मोजलं, आणि वहीत दुरुस्ती करून मुकादमाला खाली सही करायला लावली. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण आपल्यासाठी कुणीतरी वहीतला आकडा खोडला, हे तिनं मरेपर्यंत सांगितलं. उपदेश त्यांनी कधी केला का, असं मी तिला विचारलं होतं. म्हणाली, “करते थे ना. हौद का पानी उबाल के पियो बोलते थे.”

मग १९७२ आलं. त्या दुष्काळाचं मी वेगळं काय सांगू? सरकारी कामं निघाली. मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं कामावर होती. खडी फोडणं, रस्ते, नालाबांध, तांबडी मिलो ज्वारी, सुकडी हे सगळं आपल्याला माहीत आहे. एवढ्या मोठ्या कामापुढं चर्चच्या गव्हाचा वाटा लहान होता, हे मान्य केलं पाहिजे. एखाद्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी महाराष्ट्र जगवला असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पण खडीचे ढीग पुष्कळ ठिकाणी रस्त्याच्या कडेला तसेच पडून राहिले, आणि त्याच्या आधी बांधलेल्या पाझर तलावाखालच्या विहिरीवर त्या उन्हाळ्यात चार वस्त्या पाणी भरत होत्या. काम काय काढायचं हे ज्यानं ठरवलं त्याला मी गहू देणाऱ्याइतकाच मान देतो.

स्वतःच्या डोळ्यांनी ही स्वयंसेवक मंडळी मी पाहिली ती भूकंपात. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं गाढ झोपली होती आणि पहाटे चारच्या आत किल्लारी-सास्तूर भागातली गावं जमीनदोस्त झाली. मी तेव्हा नुकता बी.ए. होऊन मोकळा हिंडत होतो. आम्ही काही मित्र एका ट्रकमध्ये बसून निघालो. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सास्तूरला पोचलो तेव्हा पाऊस पडत होता. त्या भागातली घरं दगड-मातीची, दोन-दोन हात रुंद भिंतींची, वर मातीचं धाबं. थंडी-उन्हाला उत्तम, पण हलली की माणूस दगडाखाली. कुणाचं प्रेत कुणी ओळखायचं, आणि जाळायचं की पुरायचं हे कसं ठरवायचं? ओल्या लाकडांवर रॉकेल ओतून चिता पेटवत होते. आम्ही मुसलमान म्हणून आम्हाला काही ठिकाणी दफनाला बोलावलं, आणि काही ठिकाणी आम्ही चितेची लाकडं रचली.

तिथं सगळे होते. संघाचे स्वयंसेवक होते, जमातीचे होते, राष्ट्र सेवा दलाचे होते, गुरुद्वाऱ्याचा लंगर होता, लष्कराचे जवान तर होतेच. चर्चच्या मंडळींच्या तंबूत मला दोन दिवस काम मिळालं. काम काय, तर कपडे निवडायचे. पुण्या-मुंबईहून कपड्यांचे डोंगर येऊन पडले होते. त्यात पार्टीचे झगे होते, एकेकटा बूट होता, फाटके स्वेटर होते. ज्या बाईचं सगळं घर गेलं तिला आपण कपाटातला कचरा पाठवतो, हे तिथं कळलं. मिरजेकडून आलेल्या एका वयस्क परिचारिकेनं आम्हा पोरांना एक नियम घालून दिला, जे आपल्या आईला नेसवणार नाही ते बाजूला काढायचं. निम्म्याहून जास्त ढीग बाजूला गेला.

त्याच तंबूत वाटपाची वही माझ्याकडं आली. रकाने आखलेले होते, नाव, गाव, घरात किती होते, आता किती आहेत, काय दिलं. जात-धर्माचा रकाना नव्हता. मी सहज विचारलं, तर बाई म्हणाल्या, “रकाना ठेवला की कुणीतरी तो भरतं, आणि भरला की कुणीतरी त्याची बेरीज करतं.” त्या फार शिकलेल्या नव्हत्या. पण मी पुढं पंधरा-वीस कवितांत जे सांगायचा प्रयत्न केला ते त्या एका वाक्यात होतं, आणि माझी एकही कविता तिथवर पोचलेली नाही.

उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, असं येशूनं सांगितल्याचं मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. आमच्या हदीसमध्येही जवळजवळ हेच आहे. कयामतच्या दिवशी अल्लाहच्या सावलीत ज्यांना जागा मिळेल त्यांच्यात असा दान करणारा आहे, ज्याच्या डाव्या हाताला उजव्यानं काय दिलं याचा पत्ता नसतो. दोन धर्मांना एकच गोष्ट सांगावीशी वाटली, याचा अर्थ दोन्हीकडच्या माणसांना मिरवायची खोड होती. ती गेली असंही नाही. सप्टेंबर २०१९मध्ये नाझरे धरणातून पाणी सोडलं आणि एरवी कोरडी असणारी कऱ्हा बारामतीत घुसली. हजारो माणसं हलवावी लागली. शाळांमधून जेवणं सुरू झाली. चांगलं काम झालं, सगळ्या जाती-धर्मांच्या पोरांनी केलं. पण खिचडीच्या पातेल्यामागं लावलेल्या फलकांवर कुणाचा फोटो मोठा यावरून रुसवेफुगवे झालेलेही मी पाहिले.

म्हणून मला त्या पिवळ्या शर्टवाल्या म्हाताऱ्यांचं कौतुक वाटतं, आणि थोडी शंकाही वाटते. शर्ट पिवळा असला की तो लांबून दिसतो, त्यावर नावही असतं. पण करवत चालवणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाला नाव लावायचा हक्कच नाही, असं म्हणणंही कद्रूपणाचं होईल. आपल्याकडं निवृत्त झालेला माणूस सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतो. त्यानं आठ दिवस दुसऱ्याच्या घरातला चिखल उपसला, तर मी त्याचा शर्ट कुठल्याही रंगाचा चालवून घेईन.

आमच्या तलावाचं काय झालं ते सांगून थांबतो. मधली पंधरा-वीस वर्षं त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. गाळानं भरला, वेड्या बाभळी माजल्या, कुणीतरी सांडव्याचे दगड घराच्या पायाला नेले. ऑक्टोबर २०२०मध्ये आमच्याकडं आणि इंदापुरात जो झोडपून पाऊस झाला, त्या रात्री बांध एका कडेनं खचायला लागला. वस्तीवरची पोरं पोत्यांत माती भरभरून टाकत होती, बॅटरीच्या उजेडात. त्यांच्यात मास्तरांचा नातूही होता, पुण्याहून टाळेबंदीत घरी आलेला. बांध राहिला. नंतर गाळ निघाला, सांडवा नीट झाला. आता तिथं एक फलक लावायचं घाटतंय आणि त्यावर कुणाची नावं घालायची यावर ग्रामसभेत दोन बैठका झाल्या आहेत.

मी त्यांना एक सुचवलं आहे. ज्या बायकांनी घमेल्यानं त्या बांधाची माती वाहिली त्यांची नावं घाला, आणि खाली मास्तरांचं. ती हजेरीवही आता सापडत नाही, म्हणून मी घरोघर जाऊन नावं लिहून घेतो आहे. आजवर एक्केचाळीस झाली. गेल्या महिन्यात नव्वदीच्या एका आजींनी आणखी दोन सांगितली. एक वडाराची होती, तिचं नाव त्यांना आठवलं, आडनाव नाही. दुसरीचं नुसतं “अमक्याची आई” एवढंच. मी तसंच लिहून घेतलं आहे. बारामती, इंदापूर भागातल्या कुणा श्रोत्याच्या घरी त्या काळच्या तलावाच्या कामाचं एखादं कार्ड, एखादी वही, नाहीतर तो चौकोनी डबा असेल, तर आकाशवाणीकडं कृपया कळवावं. डबा नसला तरी चालेल. नाव कळवा.